छापील बशांचा घाटरस्ता

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेले चिनी-जपानी पोर्सिलेन पाहायला लोक आवर्जून थांबतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तेच लोक अडकित्ते, दिवे, पितळी डबे आणि कोरीव दरवाजे पाहण्यात दुपार घालवतात. या दोन तऱ्हेच्या संग्रहांच्या मधल्या फटीत एक वस्तू कायमची अडकून पडली आहे: पांढऱ्या जमिनीवर निळ्या, कधी तपकिरी किंवा गुलाबी रंगात चित्र छापलेली विलायती बशी. कलावस्तूंच्या दालनासाठी ती फार स्वस्त, कारण कारखान्यात हजारोंनी निघालेली. लोकजीवनाच्या दालनासाठी ती फार परकी, कारण तिच्या पाठीवर स्टॅफर्डशायरचा शिक्का. संग्रहालयात ती असली तरी कपाटाच्या खालच्या खणात असते आणि पाटीवर ‘युरोपीय, १९वे शतक’ एवढ्यावर भागवले जाते.

माझे म्हणणे असे की ही बशी विलायतेच्या कलेपेक्षा आपल्या रस्त्यांबद्दल, बाजारांबद्दल आणि स्वयंपाकघरांबद्दल अधिक सांगते. त्या सांगण्यात पनवेलचे स्थान मोठे आहे. पनवेलला चिनी मातीचा कारखाना होता म्हणून नव्हे. छापील बशांचा भरभराटीचा काळ आणि पनवेल बंदराचा भरभराटीचा काळ जवळजवळ एकच आहे, म्हणून.

आधी ती कशी बनते ते पाहू, कारण तिचे सगळे गुणदोष तिथूनच येतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भांड्यावरचे चित्र हातानेच काढले जाई आणि त्याची किंमतही तशीच असे. १७५६ साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी शपथेवर सांगितले की सहा तासांत आपण बाराशेहून जास्त भिंतीच्या फरशांवर चित्रे छापली. ही छपाई झिलईच्या वरची होती, घासली की झिजायची. खरा पालट झाला तो छपाई झिलईच्या खाली गेल्यावर. पोर्सिलेनवर ते आधी साधले होते. साध्या मातीच्या भांड्यांवर ते पक्के बसवण्याचे श्रेय स्टोक गावच्या जोसाया स्पोडला देतात, आणि साल सांगतात १७८४.

कृती अशी. तांब्याच्या पत्र्यावर कारागीर चित्र कोरतो: कुठे रेघा, कुठे टिंबे, गडद छटेसाठी खोल, फिकट छटेसाठी उथळ. पत्रा तापवून त्या खाचांत कोबाल्टची भुकटी आणि तेल घोटून केलेली दाट शाई भरतात आणि वरची पुसून घेतात. साबणाच्या पाण्याने ओलावलेला पातळ पण चिवट कागद त्यावर ठेवून दाबयंत्रातून काढतात. मग बायका आणि कोवळ्या वयाच्या मुली तो कागद कात्रीने कापून, एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या भांड्यावर पालथा घालतात आणि ताठ कुंच्याने घासघासून बसवतात. भांडे पाण्यात बुडवले की कागद सुटतो, शाई मातीत मुरलेली राहते. तेल जाळायला एक हलकी भट्टी, मग झिलईचा हौद, मग शेवटची भट्टी. काळपट दिसणारा कोबाल्ट त्या आगीतून निळा होऊन येतो. सुरुवातीची चार-पाच दशके बहुतेक बशा निळ्या का, याचे उत्तर आवडीनिवडीत शोधू नये. झिलईखालची आग भरवशाने सोसणारा रंग कोबाल्टच होता. हिरवा, गुलाबी, जांभळा हे १८२०च्या पुढे रुळले.

यात मराठी वाचकाला अनोळखी काय आहे? नागरी अक्षरांतली भगवद्गीता मिरजेला छापली गेली ती १८०५ साली, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि तीही तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरूनच. ते पत्रे कोरणारा माणूस पुण्याच्या रेसिडेन्सीत, चार्ल्स मॅलेटच्या हाताखाली तयार झालेला तांबट होता. म्हणजे स्टोकला आणि मिरजेला एकाच काळात, एकाच धातूवर, जवळपास त्याच हत्यारांनी काम चालले होते. तिकडे पत्र्यावरून बशा निघाल्या, इकडे गीता. आपल्या छपाईच्या इतिहासात हा तांबट मानाने येतो. भांड्यांच्या इतिहासाशी त्याची गाठ कोणी घालून देत नाही. संग्रहालयात एका कपाटात ही पोथी आणि शेजारी एक स्पोडची बशी ठेवली तर पाटीवर चार ओळीही लागणार नाहीत.

बशांवरची चित्रे हा सर्वांत रंजक भाग, आणि सर्वांत फसवाही. चिनी नकलेचा ‘विलो’ नमुना, म्हणजे पूल, वाकलेले झाड, उडणारे दोन पक्षी, हा अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडमध्येच घडला. त्यामागची पळून गेलेल्या प्रेमिकांची चिनी दंतकथा विक्रीसाठी मागाहून रचलेली आहे. चीनमधून घाऊक पोर्सिलेन आणणे ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ साली बंद केले. ती जागा या कारखान्यांनी पटकन घेतली. आणि चिनी देखाव्यांचा कंटाळा आल्यावर त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली.

कॅप्टन थॉमस विल्यमसन हा बंगालात नोकरी केलेला अधिकारी. त्याच्या शिकारीच्या पुस्तकासाठी सॅम्युएल हॉविटने काढलेली चाळीस रंगीत चित्रे १८०५ ते १८०७च्या दरम्यान लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. स्पोडने ती उचलली आणि शिकारीच्या दृश्यांचा अख्खा जेवणाचा संच काढला. गंमत अशी की या संचात प्रत्येक आकाराच्या भांड्याला वेगळे दृश्य आहे. जेवणाच्या ताटलीवर अस्वलाचा मृत्यू, दुसऱ्या कशावर उसातून अस्वल हुसकणे, कुठे लांडग्याचा सापळा, कुठे कुत्री घेऊन निघालेले डोरिये, म्हणजे कुत्री सांभाळणारे नोकर. पाहुण्याचे जेवण संपले की तळाशी मेलेले अस्वल दिसायचे. त्या काळच्या साहेबी विनोदबुद्धीबद्दल यापेक्षा जास्त लिहायला नको.

दुसरा मोठा साठा थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांचा. १७८६ ते १७९३ ते हिंदुस्थानात होते, शेवटी मुंबईला आले, जेम्स वेल्सबरोबर लेणी पाहिली. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ची १४४ चित्रे १७९५ ते १८०८ या काळात निघाली. त्यांतली वेरूळची चित्रे वेल्सच्या रेखाटनांवरून केलेली. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणाराच. कारखानदारांनी डॅनियलांची पाने मन मानेल तशी कापली. जॉन रॉजर्सच्या कारखान्याने दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याजवळच्या भग्न इमारतीला आपल्या एका नमुन्यात बसवले. बऱ्याच बशांवर एका प्रांताची मशीद, दुसऱ्याचा घाट आणि तिसऱ्याचा हत्ती सुखाने एकत्र नांदतात. इमारतींचा अभ्यास करणाऱ्याने या बशांवर भिस्त ठेवू नये; विलायतेतल्या जेवणाच्या टेबलावर हिंदुस्थान कसा मांडला गेला, हे पाहणाऱ्याने मात्र त्या सोडू नयेत. पश्चिम हिंदुस्थान त्यांत फार थोडा आहे. बंगाल आणि गंगाकाठ यांचाच वरचष्मा. १८४२च्या कॉपीराइट कायद्यानंतर दुसऱ्याची चित्रे उचलणे महाग पडू लागले आणि बशांवर कुठेच नसलेल्या सरोवरांच्या काठी कुठेच नसलेले मनोरे उभे राहिले. माझ्या मते तिथून या कलेचा दर्जा उतरत गेला. संग्राहक मंडळी हे मान्य करणार नाहीत.

आता पनवेल. १८१३ साली हिंदुस्थानाशी व्यापार करण्याचा कंपनीचा मक्ता संपला आणि खासगी व्यापाऱ्यांची गलबते मुंबईला लागू लागली. १८१८ साली पेशवाई गेली. पुणे, खडकी, पुढे सगळा देश इंग्रजी फौजेच्या छावण्यांनी भरला. प्रत्येक छावणीत अधिकाऱ्यांचे भोजनगृह, प्रत्येक भोजनगृहाला शेकडो ताटल्या. स्टॅफर्डशायरहून माल कालव्याने लिव्हरपूलला यायचा, गवतात रचून खोक्यांत भरला जायचा, आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला उतरायचा. पुण्याला पोहोचायची सरळ वाट एकच: मुंबईहून भरतीच्या वेळी होडीने पनवेलच्या खाडीत, तिथून चौक, खोपोली, मग बोरघाट. मारिया ग्रॅहॅम १८०९ साली कार्ल्याला आणि पुण्याला गेली ती याच वाटेने. घाटातला गाडीरस्ता सर जॉन माल्कमने १८३० साली खुला केला, तोवर डोली, हमाल आणि बैल. त्यानंतर बैलगाड्यांची रीघ लागली. दख्खनच्या गाड्यांची चाके बनवणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा झाला. १८४९ साली बेने इस्राएल मंडळींचे बेथ एल सिनेगॉग उभे राहिले आणि १८५२ साली नगरपालिका आली. आज मुंबईच्या उपनगरांत जमा होत चाललेल्या या गावाचा तो ऐन बहर होता.

मग रेल्वे आली. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली, १८६३ साली बोरघाट चढून गेली, आणि देशावरच्या मालाला पनवेलला उतरायचे कारण उरले नाही. म्हणजे १८१८ ते १८६३, सुमारे पंचेचाळीस वर्षे. इंग्लंडमध्ये निळ्या छपाईचे उत्तम दिवसही साधारण तेच. हा निव्वळ तारखांचा मेळ आहे असे कोणी म्हणेल. पण पुणे-खडकीच्या छावण्यांतली त्या काळातली ताटली दुसऱ्या कोणत्या वाटेने गेली असेल, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. फुटणाऱ्या मालाच्या वाहतुकीत मुक्कामाच्या ठिकाणी सर्वाधिक फूटतूट होते, हा पुरातत्त्वाचा जुना अनुभव. बंदरे तुकडे सांभाळतात. चौलच्या उत्खननांत सापडलेल्या चिनी पोर्सिलेनच्या खापरांवरून मध्ययुगीन सागरी व्यापाराचा माग काढता आला. पनवेलच्या खाडीकाठचे एकोणिसाव्या शतकातले थर मात्र ‘अलीकडचा कचरा’ म्हणून उकरून फेकले जातात, आणि विमानतळ, पूल, टॉवर यांच्या पायाखणणीत ते दर महिन्याला कमी होत आहेत. कागदोपत्रीही हीच गत: ५ नोव्हेंबर १८१७ला, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी जळाली. तिथला रेसिडेंट एल्फिन्स्टन याची पुस्तके गेली हे इतिहासात नोंदले गेले. ताटल्यांचा पंचनामा कोणी करत नाही.

साहेबाच्या टेबलावरून बशी मराठी घरात कशी शिरली, हा पुढचा प्रश्न. बदली झालेल्या किंवा मेलेल्या अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव हा एक मार्ग, विलायती माल विकणारी पारशी दुकाने हा दुसरा. कोकण किनाऱ्यावर तिसराही मार्ग होता: बोटीवर खलाशी म्हणून गेलेले लोक. रत्नागिरी-कुलाब्याच्या कोकणी मुसलमान घराण्यांत ही नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि परतताना पेटीत चार बशा येणे स्वाभाविक होते.

हिंदू घरांत मात्र अडचण होती. चिनी माती सोवळ्यात चालत नाही. तांबे-पितळ घासून, अग्नी दाखवून शुद्ध होते. चिनी मातीची भांडी कोणी, कुठे, कशाने घडवली याचा पत्ता नाही, म्हणून देवघराच्या आणि चुलीच्या हद्दीबाहेर. लोणच्याच्या बरणीने आपली सोय लवकर करून घेतली, कारण आंबटाला पितळ चालत नाही. गरजेपुढे शास्त्र मऊ होते ते असे. कपबशीला जास्त वाट पाहावी लागली. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी घडवून आणलेला चहा-बिस्किटांचा प्रसंग प्रसिद्धच आहे. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानडे आणि टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. महाराष्ट्राचे पुढारपण एका कपासाठी दोन वर्षे भांडत होते. पंचहौदच्या ग्रामण्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्या काळचा एक कप मांडून त्याच्याभोवती ती हकिगत सांगणारे दालन मी कुठे पाहिलेले नाही.

आणि दुसरा एक कप. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी बाहेर, वळचणीला ठेवलेली कान तुटलेली, टवका उडालेली कपबशी, जी पिणाऱ्याने स्वतः विसळून परत ठेवायची. मराठीतल्या दलित आत्मकथनांनी तिची साक्ष ठेवली आहे. संग्राहकाच्या भाषेत ती ‘दोषयुक्त’. संग्रहालयाच्या दृष्टीने तिच्याइतकी बोलकी वस्तू दुसरी मिळणे कठीण, आणि ती जाणूनबुजून मिळवायला हवी. आपोआप देणगीत ती कधीच येणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडची सद्दी संपते. ग्लासगोच्या जे. अँड एम. पी. बेल या कारखान्याने आग्नेय आशियासाठी तिथल्या भाषांतली नावे पाठीवर छापून बशा काढल्या. मास्ट्रिख्टच्या पेट्रस रेगूच्या कारखान्याचे स्फिंक्सचा शिक्का असलेले वाडगे पूर्व आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरले. त्यांतल्या पुष्कळांवरची नक्षी छापील नाही, स्पंजाच्या ठशांनी उठवलेली आहे. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात म्हणून हे सांगून ठेवतो. १९३०च्या आसपास जपानी माल इतका स्वस्त झाला की कपबशी चैनीची वस्तू राहिली नाही. स्वदेशीने काचेच्या बाबतीत पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना (१९०८) आणि ओगलेवाडीचा कारखाना दिला. चिनी मातीच्या भांड्यांत तसे ठळक नाव महाराष्ट्रात निघाले नाही. तो धंदा बंगाल, ग्वाल्हेर आणि सौराष्ट्राकडे गेला. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरीमागे गणपुले हे मराठी नाव होते, एवढेच समाधान. तांब्याच्या पत्र्याची जागाही तोवर तयार छापील डेकलने घेतली होती.

मुंबईत वेगळा प्रयत्न झाला होता, तो सांगितलाच पाहिजे. जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात तिथे कुंभारकामाची शाखा काढली. सिंधचे कारागीर, अजिंठ्याची नक्षी, हाताने रंगवलेली झिलईची भांडी. ती आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात. भांडी देखणी आहेत, पण ती प्रदर्शनांसाठी आणि साहेबांच्या दिवाणखान्यांसाठी होती. त्यांत जेवायला कोणी बसले नाही. यंत्राच्या छपाईला उत्तर म्हणून हस्तकला उभी करायची, हा त्या काळच्या इंग्रज कलाशिक्षकांचा ध्यास. त्यामुळे आमच्या संग्रहालयांच्या पायातच छापील मालाबद्दल एक अढी बसली, असे मला वाटते. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आणि बडोद्याच्या संग्रहालयात युरोपीय चिनी मातीला जागा मिळाली, पण तिथेही दर्जा ठरला तो संस्थानी घराण्यांच्या आवडीने.

घरात अशी बशी असेल तर ती पालथी करून पाहावी. शिक्का नसणे हा दोष नव्हे. १८२०च्या आधीच्या पुष्कळ बशांना तो नसतो. कडेच्या नक्षीत दोन टोके नीट न जुळलेली दिसली, किंवा रेघांमध्ये कागदाची बारीक चुणी दिसली, तर छपाई कोरीव पत्र्यावरची. भिंगाखाली चित्र एकसारख्या ठिपक्यांच्या जाळीचे दिसले तर ते नंतरचे. पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा नोंदणी शिक्का असेल तर काळ १८४२ ते १८८३. नुसते ‘इंग्लंड’ असेल तर बहुधा १८९१नंतरचा माल, कारण त्या साली अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचे नाव घालणे भाग पडले. ‘मेड इन इंग्लंड’ म्हणजे विसावे शतक. तडा गेलेली बशी पितळी टाके घालून जोडलेली असेल तर ते टाके काढू नका, आणि चहाचे डाग घालवायला ब्लीचमध्ये बुडवू नका. झिलईखाली गेलेले ब्लीच पुढे थर उडवते. शंभर वर्षांवरची, इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आजीची बशी देणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

राहिला प्रश्न नोंदीचा. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली केली आहे. वस्तूंची चित्रांसह सूची तिच्यात ठेवता येते. पण अशा सूचीत ‘बशी, निळी, विलायती’ एवढे लिहून उपयोग नाही. कोणत्या घरातून आली, ते घर कोणत्या बाजारपेठेचे, कोणी नोकरीवरून आणली की लिलावात घेतली, जेवायला वापरली की फक्त पाहुण्यांसाठी काढली, हे रकाने हवेत. पनवेलचे जुने वाडे उतरवताना ही माहिती असलेली माणसे अजून भेटतात. खाडीकाठच्या खोदकामात निघणाऱ्या तुकड्यांसाठी तर खर्चही लागत नाही: प्लास्टिकची पिशवी, जागेचे नाव, खोली, तारीख. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने दोन पावसाळ्यांमधला एक हंगाम हे केले, तर पनवेल ते पुणे या वाटेवरच्या मालाची यादी जमिनीतून तयार होऊ लागेल. ती यादी हाती आली की मुंबई-पुण्याच्या संग्रहालयांतल्या खालच्या खणांतल्या बशा कुठून कुठे गेल्या, हे तपासायला ताळा मिळेल.